वाणीचे नैसर्गिक शत्रू : शेतातील नोंदीपासून पुराव्यापर्यंत

प्रस्तावना

खरीप हंगामात पहिल्या चांगल्या पावसानंतर कापूस आणि सोयाबीनची रोपे जमिनीबाहेर येऊ लागतात, त्याच सुमारास विदर्भ व मराठवाड्यातील अनेक शेतांत वाणी मोठ्या संख्येने दिसू लागते. मिलीपीड या नावानेही ती ओळखली जाते. स्पर्श होताच नाण्यासारखे वेटोळे करते म्हणून काही भागांत तिला ‘पैसा’ असेही म्हणतात. कोवळे कोंब, दलपत्रे आणि जमिनीलगतचे मऊ खोड ती कुरतडते. रोपांची संख्या घटली की नांग्या भराव्या लागतात आणि प्रादुर्भाव तीव्र असल्यास दुबार पेरणीची वेळ येते. अशा वेळी शेतकरी हाताशी असेल ते कीटकनाशक जमिनीवर फवारतो किंवा धुरळतो. त्यात वाणी किती मरते हा एक प्रश्न. तिला खाणारे जीव किती मरतात हा दुसरा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

वाणीला खाणारे किंवा तिच्या शरीरात वाढणारे जीव कोणते, हे शेतात कसे शोधावे आणि त्यांपैकी कोणता जीव खरोखर तिची संख्या कमी करतो हे कसे ठरवावे, याची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे. शत्रू आढळणे आणि शत्रूने नियंत्रण करणे या दोन भिन्न बाबी आहेत, हा या लेखाचा मुख्य मुद्दा होय. या दोहोंत गल्लत झाल्यास विस्तार कार्यकर्त्याचा सल्ला चुकतो आणि शेतकऱ्याचे पीक जाते.

वाणीची ओळख आणि संरक्षणव्यवस्था

वाणी हा कीटक नव्हे. कीटकाला पायांच्या तीन जोड्या असतात. वाणीच्या शरीरावरील बहुतेक कड्यांना प्रत्येकी दोन जोड्या असतात. तिचे मूळ काम पालापाचोळा व कुजके सेंद्रिय पदार्थ खाऊन त्यांचे बारीक तुकडे करणे हे आहे. जंगलात आणि फळबागांत ती मातीची सुपीकता वाढवण्यास हातभार लावते. पश्चिम घाटात आढळणाऱ्या आर्थ्रोस्फेरा या प्रजातीतील गोळी होणाऱ्या मोठ्या वाण्यांचा सेंद्रिय खतनिर्मितीच्या दृष्टीने अभ्यास झालेला आहे. म्हणजेच प्रत्येक वाणी ही कीड नाही. उगवणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, ठरावीक पिकात आणि ठरावीक संख्येपुढेच ती कीड ठरते.

वाणीच्या शत्रूंचा अभ्यास करताना तिच्या रासायनिक संरक्षणाची माहिती असणे आवश्यक आहे. लांब, दंडगोल शरीराच्या बहुतेक वाण्यांच्या कड्यांच्या बाजूस ग्रंथी असतात आणि त्यांतून बेंझोक्विनोन गटातील उग्र वासाचा स्राव बाहेर पडतो. हाताळल्यास बोटांवर पिवळसर-तपकिरी डाग पडतात. स्राव डोळ्यांत गेल्यास तीव्र जळजळ होते. चपट्या शरीराच्या पॉलिडेस्मिडा गणातील वाण्या हायड्रोजन सायनाइड निर्माण करतात. या स्रावांमुळे सर्वसाधारण परभक्षी वाणीपासून दूर राहतात. परिणामी तिचे शत्रू संख्येने थोडे, परंतु बरेचसे विशेषज्ञ असतात. यांतील काही शत्रूंनी तर याच वासाचा उपयोग भक्ष्य शोधण्यासाठी करून घेतला आहे.

नोंदवले गेलेले प्रमुख शत्रू

परभक्षी ढेकूण : रेडुव्हिडी कुळातील एक्ट्रिकोडिनी हे उपकुळ वाणीभक्षणासाठी प्रसिद्ध आहे. या उपकुळातील ढेकूण भारतातही आढळतात. ते दिवसा दगडांखाली व पालापाचोळ्यात राहतात, रात्री बाहेर पडतात आणि दोन कड्यांमधील मऊ पडद्यातून सोंड खुपसून वाणीस निष्क्रिय करतात. अनेक प्रजातींची पिले एकत्र राहून एकाच मोठ्या वाणीवर सामूहिकपणे पोसतात. लाल, काळा, निळसर अशा भडक रंगांमुळे हे ढेकूण ओळखता येतात.

प्रकाशमान अळ्या : अमेरिका खंडातील फेंगोडिडी कुळातील भुंगेऱ्यांच्या अळ्या केवळ वाण्यांवर जगतात. फ्लोरिडातील फेंगोडिस लॅटिकोलिस या प्रजातीवर थॉमस आयस्नर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दिसले की, अळी वाणीच्या मानेजवळ चावा घेते, वाणी स्राव सोडण्यापूर्वीच निश्चल होते, आणि अळी आतील भाग खाताना विषारी ग्रंथी मात्र तशाच सोडून देते. मागे उरतात त्या सुट्या कड्या. आशियात याच्याशी जवळचे नाते असलेले रॅगोफ्थाल्मिडी हे कुळ असून त्यातील अळ्याही वाणीभक्षी आहेत.

शेणकिडे : पेरू देशातील डेल्टोकायलम वाल्गम हा शेणकिडा शेण सोडून वाण्यांची शिकार करतो. ट्रॉन्ड लार्सन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे वर्तन प्रसिद्ध केले. अरुंद डोके आणि लांब, वक्र मागचे पाय यांच्या साहाय्याने हा किडा वाणीचे शिर धडावेगळे करतो. आफ्रिकेतील स्केलिॲजिस प्रजातीचे किडे मेलेल्या किंवा जखमी वाण्या जमिनीत गाडून त्यांवर आपली पिले वाढवतात. क्विनोनचा वास त्यांना आकर्षित करतो.

मुंग्या : लेप्टोजेनिस प्रजातीच्या काही मुंग्या समूहाने वाणीवर हल्ला करतात. कंबोडियातील निरीक्षणांत या मुंग्या एकमेकींना पकडून साखळ्या तयार करतात आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठी वाणी ओढून नेतात, असे २०१५ मध्ये नोंदवले गेले.

परोपजीवी माश्या : मध्य व दक्षिण अमेरिकेतील मायरिओफोरा या फोरिड माश्या वाणीच्या स्रावाच्या वासाने येऊन तिच्यावर अंडी घालतात. युरोपातील पेलिडनॉप्टेरा निग्रिपेनिस ही माशी वाणीच्या कवचावर अंडी घालते. अळी शरीरात शिरून वाढते आणि यजमानास मारते.

सूत्रकृमी, बुरशी व आदिजीव : वाणीच्या आतड्यात सूत्रकृमी आणि ग्रेगॅरिन गटातील आदिजीव नेहमी सापडतात. यांतील बहुतेक सूत्रकृमी आतड्यातील अन्नावर जगतात व यजमानास विशेष अपाय करीत नाहीत. याउलट आर्थ्रोफॅगा मायरिओपोडिना ही अमेरिकेत आढळलेली आणि २०१७ मध्ये वर्णन केलेली बुरशी वाणीस मारते. बाधित वाणी उंचावर चढून तेथेच मरते व कड्यांमधून बुरशी बाहेर येते. लॅबुलबेनिएल्स गणातील बुरशी कवचावर बारीक केसांसारखी वाढते. ती दिसली म्हणून वाणी मरेल असे समजू नये.

दक्षिण ऑस्ट्रेलियाचा धडा

वाणीच्या जैविक नियंत्रणाचा सर्वांत विस्तृत क्षेत्रीय अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला. ओम्माटोइयुलस मोरेलेटी ही काळी पोर्तुगीज वाणी मूळची नैऋत्य युरोपातील. १९५३ मध्ये ती दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट लिंकन येथे प्रथम नोंदवली गेली व पुढे ॲडलेड परिसरात पसरली. एक मादी जमिनीतील लहानशा खळग्यात साधारणपणे दोनशे अंडी घालते. शरद ऋतूतील पावसानंतर या वाण्या हजारोंच्या संख्येने बाहेर पडून घरांत शिरू लागल्या. लोक त्रस्त झाले आणि संशोधकांकडे उपाय मागू लागले.

जी. एच. बेकर यांनी १९७० च्या दशकापासून या वाणीचे जीवनचक्र, संख्येतील चढउतार आणि पोर्तुगाल व ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांतील तिचे परभक्षी यांचा अभ्यास केला. परकीय कीड ज्या देशातून आली त्याच देशात तिचे शत्रू शोधावेत, हे जैविक नियंत्रणाचे रूढ सूत्र आहे. त्यानुसार पेलिडनॉप्टेरा निग्रिपेनिस ही माशी निवडण्यात आली. तिचे जीवनचक्र अभ्यासले गेले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती दक्षिण ऑस्ट्रेलियात सोडण्यात आली. मूळ देशात वाणीला मारणारी ही माशी नव्या देशात मात्र स्थिरावली नाही.

याच काळात दुसरी एक बाब लक्षात आली. नव्याने व्यापलेल्या ठिकाणी वाणीची संख्या प्रथम झपाट्याने वाढते आणि काही वर्षांनी, कोणताही उपाय न करता, घटते. मॅकिलप, ॲलन व स्क्यूस यांनी १९८८ मध्ये या घटीचे कारण म्हणून एका स्थानिक सूत्रकृमीकडे लक्ष वेधले. ऱ्हॅब्डायटिस नेक्रोमेना हा सूत्रकृमी मुळात ऑस्ट्रेलियातील देशी वाण्यांमध्ये राहतो. देशी वाणीच्या शरीरात त्याच्या सुप्त अवस्था थांबून राहतात आणि यजमान मेल्यानंतर त्याच्या कुजणाऱ्या देहावर वाढतात. परकीय वाणीला मात्र हा पाहुणा सोसत नाही. शरीरात सूत्रकृमींची संख्या वाढली की ती मरते. पुढे हा सूत्रकृमी अनेक ठिकाणी हेतुपुरस्सर पसरवण्यातही आला.

या प्रकरणातून तीन गोष्टी शिकता येतात. पहिली, एका ठिकाणी प्रभावी असलेला शत्रू दुसऱ्या ठिकाणी टिकेलच असे नाही. दुसरी, उपयुक्त शत्रू आपल्याच मातीत, आपल्याच देशी वाण्यांमध्ये दडलेला असू शकतो. तिसरी, एकच सूत्रकृमी एका यजमानास निरुपद्रवी व दुसऱ्यास घातक असू शकतो. म्हणून परदेशातील यादी पाहून उपाय ठरवणे योग्य नव्हे. स्थानिक निरीक्षणाला पर्याय नाही.

शेतात अभ्यास कसा करावा

विस्तार कार्यकर्ते व प्रगतिशील शेतकरी यांना पुढील पायऱ्यांनी हा अभ्यास अल्प खर्चात करता येईल.

१. वाणीची नेमकी ओळख : बहुतेक वाण्यांची प्रजाती प्रौढ नराच्या शरीराच्या सातव्या कड्यावरील रूपांतरित पायांवरून ठरते. त्यामुळे केवळ रंग व लांबी पाहून नाव देऊ नये. प्रत्येक शेतातून काही प्रौढ वाण्या अल्कोहोलमध्ये जतन कराव्यात. ठिकाण, तारीख, पीक आणि पिकाचे वय यांची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीतच ठेवावी. हाताळताना हातमोजे वापरावेत.

२. संख्येची नोंद : एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकट शेतात किमान दहा ठिकाणी टाकून आतील जिवंत वाण्या, मेलेल्या वाण्या आणि सुट्या कड्या स्वतंत्रपणे मोजाव्यात. वाणी रात्री व पहाटेच्या ओलाव्यात सक्रिय असते. म्हणून मोजणीची वेळ प्रत्येक खेपेस तीच ठेवावी. बांधालगतची आणि शेताच्या मध्यभागाची आकडेवारी वेगळी लिहावी.

३. रात्रीचे निरीक्षण : सायंकाळनंतर विजेरीच्या मंद किंवा लाल प्रकाशात ठरावीक पट्ट्यात हळूहळू चालत जावे. वाणी खाताना दिसलेला प्रत्येक जीव, वेळ आणि भक्ष्याची अवस्था नोंदवावी. नुसता शेजारी बसलेला भुंगेरा परभक्षी म्हणून लिहू नये. जमिनीत काठापर्यंत पुरलेले कोरडे पेले सापळे म्हणून वापरता येतात. काहींत जखमी वाणी जाळीच्या पुरचुंडीत ठेवावी व काही रिकामे ठेवावेत. दोहोंतील फरकावरून वासाने येणारे कीटक कळतात. सकाळी नोंद होताच सापळ्यातील जीव सोडून द्यावेत.

४. पाळून पाहणे : शेतातून आणलेली प्रत्येक वाणी ओलसर माती व पालापाचोळा असलेल्या हवेशीर डबीत स्वतंत्र ठेवावी आणि सहा आठवडे निरीक्षण करावे. माशीची अळी बाहेर आली, बुरशी फुटली किंवा मृतदेहातून सूत्रकृमी निघाले तर तारीख लिहावी. डबीतील माती फार कोरडी किंवा चिखलासारखी झाली तरी वाण्या मरतात. तो मृत्यू शत्रूच्या खात्यावर टाकू नये.

५. तुलनेचा गट : सर्व पायऱ्यांत ही सर्वांत महत्त्वाची आहे. समजा, शंभर वाण्या पाळल्या, त्यांपैकी अठरा मेल्या आणि त्या अठरांच्याही शरीरात सूत्रकृमी सापडले. येथे थांबल्यास सूत्रकृमींनी अठरा टक्के वाण्या मारल्या असा निष्कर्ष निघेल. परंतु जिवंत राहिलेल्या ब्याऐंशी वाण्याही तपासल्या आणि त्या सर्वांत तेच सूत्रकृमी निघाले, तर तो निष्कर्ष टिकत नाही. म्हणून मेलेल्यांबरोबर जिवंत वाण्याही तपासाव्यात आणि सूत्रकृमी आतड्यात आहेत की शरीरपोकळीत, याची नोंद प्रयोगशाळेकडून करून घ्यावी. त्यानंतर निरोगी वाण्यांच्या एका गटास तो सूत्रकृमी देऊन व दुसऱ्या गटास न देता दोन्ही गटांतील मृत्यूची तुलना करावी.

६. शेतातील कसोटी : जमिनीत रोवलेल्या लहान पत्र्याच्या किंवा बारीक जाळीच्या चौकटी घ्याव्यात. प्रत्येकीत समान संख्येने वाण्या सोडाव्यात. काही चौकटींत संशयित परभक्षी सोडावा व काहींत सोडू नये. ठरावीक दिवसांनी उरलेल्या वाण्या आणि शाबूत रोपे मोजावीत. वाण्या व रोपे या दोहोंचा हिशेब जुळला तरच पुरावा पूर्ण झाला असे म्हणता येते.

संख्येचा हिशेब

एखादा परभक्षी सापडला की त्यावर भिस्त ठेवण्याचा मोह होतो. यासाठी एक काल्पनिक उदाहरण पाहू. समजा, शेतात दर चौरस मीटरला दोन वाण्या आहेत. म्हणजे हेक्टरी वीस हजार. समजा, एक परभक्षी ढेकूण तीन दिवसांत एक वाणी खातो. रोपांच्या नाजूक अवस्थेच्या एकवीस दिवसांत तो सात वाण्या संपवील. निम्म्या, म्हणजे दहा हजार वाण्या संपवण्यासाठी हेक्टरी सुमारे चौदाशे तीस ढेकूण लागतील; साधारणपणे दर सात चौरस मीटरला एक. इतकी घनता आपल्या शेतात आहे का, हे रात्रीच्या निरीक्षणातूनच कळेल.

या हिशेबाचा अर्थ परभक्षी निरुपयोगी आहेत असा घेऊ नये. वाणीचे जीवनचक्र मंद असते. काही प्रजातींना प्रौढ होण्यास एकाहून अधिक वर्षे लागतात. अंडी व लहान अवस्था जमिनीत दीर्घकाळ राहतात आणि कठीण कवचाच्या प्रौढ वाणीपेक्षा त्या अधिक असुरक्षित असतात. त्यामुळे नैसर्गिक शत्रूंचा परिणाम वर्षानुवर्षे साचत जातो. तातडीच्या तीन आठवड्यांसाठी मात्र शेतकऱ्याला दुसरा उपाय हाताशी ठेवावा लागतो.

शिफारशी

अ) पेरणीपूर्वी शेतातील पिकांचे अवशेष, तण व काडीकचरा रोपांच्या ओळींपासून दूर करून त्याचे कंपोस्ट करावे.

आ) उगवणीच्या काळात सायंकाळी शेतात ठिकठिकाणी ओल्या गवताचे लहान ढीग ठेवावेत आणि पहाटे त्याखाली जमलेल्या वाण्या गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकून नष्ट कराव्यात. गावातील शेजारच्या शेतकऱ्यांनी हे काम एकाच वेळी केल्यास अधिक लाभ होतो. ढिगाखाली सापडलेले परभक्षी ढेकूण, भुंगेरे व बेडूक वेगळे करून बांधावर सोडावेत.

इ) संपूर्ण शेतावर सरसकट कीटकनाशक फवारणे टाळावे. जमिनीवर फिरणारे भुंगेरे व परभक्षी ढेकूण अशा फवारणीत मरतात. रसायनाचा वापर अटळ वाटल्यास कृषी विद्यापीठाची चालू शिफारस पाहूनच आणि प्रादुर्भावाच्या पट्ट्यापुरता तो करावा.

ई) बांधावरील दगड, झुडपे व पालापाचोळा सर्वत्र साफ करू नये. तेथे परभक्षींचा दिवसाचा आसरा असतो. वाण्याही तेथेच दडतात हे खरे. म्हणून बांध आणि पहिली ओळ यांमध्ये स्वच्छ पट्टा राखावा.

उ) परदेशातील माशी, सूत्रकृमी किंवा बुरशी परस्पर मागवण्याचा विचारही करू नये. जैविक नियंत्रणाचे घटक देशात आणण्यासाठी पीक संरक्षण विलगीकरणाच्या २००३ च्या आदेशानुसार परवानगी व चाचण्या आवश्यक आहेत. आपल्या जंगलातील उपयुक्त देशी वाण्यांना धोका पोहोचला तर तो परत फिरवता येत नाही.

समारोप

वाणी ही किडीपेक्षा मातीतील कामकरी म्हणून अधिक काळ जगते. पिकाशी तिचे वैर वर्षातील काही आठवड्यांपुरतेच असते. त्या आठवड्यांसाठी गवताचे ढीग व हाताने गोळा करणे हे उपाय, आणि उरलेल्या वर्षासाठी तिच्या शत्रूंचे संरक्षण, अशी विभागणी व्यवहार्य ठरेल. कोणता शत्रू आपल्या भागात किती काम करतो हे मात्र स्थानिक नोंदींतूनच ठरायचे आहे. येत्या खरिपात प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने आपल्या क्षेत्रातील किमान दोन शेते निवडून आठवड्यातून एकदा चौकटीतील मोजणी व एक रात्रीचे निरीक्षण करावे, जतन केलेले नमुने जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे ओळखीसाठी सुपूर्द करावेत आणि ज्या रात्री एकही परभक्षी दिसला नाही त्या रात्रीचीही नोंद वहीत ठेवावी.